अंकुर घटातला आणि पडद्यावरचा

आज आश्विन शुद्ध प्रतिपदा. वाचकांच्या हाती हे पान पडेल तोवर घरोघर घट बसलेले असतील. शेतातली काळी माती आणून पत्रावळीवर पसरली असेल, तीत धान्य पेरले असेल, पहिली माळ चढली असेल आणि अखंड दिव्याजवळ कोणी वडीलधारे माणूस तेलाची बुधली घेऊन बसले असेल. पुढचे नऊ दिवस घरातली मुले सकाळी उठल्याबरोबर एकच गोष्ट पाहायला धावतील : अंकुर किती वर आला?

नवरात्र म्हणजे जागर. पूर्वी या जागराला सोबत पुष्कळ असे. गोंधळी येत, संबळ वाजे, दिवटीच्या उजेडात देवीची कथा मध्यरात्र उलटेपर्यंत रंगे. देवळात कीर्तन असे, अंगणात भोंडला असे. आज कित्येक घरांत यातले फारसे काही उरलेले नाही. त्याची जागा पडद्याने घेतली आहे. आरती आटोपली की आजोबा एका खोलीत, नातवंडे दुसऱ्या खोलीत. प्रत्येकाच्या हाती निराळा पडदा आणि त्यावर निराळे जग. देवीपुढचा दिवा मात्र एकटाच जागा राहतो.

यावर आमच्या काही स्नेह्यांनी सोपा उपाय सुचवला होता. नऊ दिवस घरातले सारे पडदे कुलपात ठेवावे, म्हणजे चित्त आपोआप देवीपाशी राहील. आम्ही तो उपाय एका वर्षी मनोभावे करून पाहिला. तिसऱ्या माळेपर्यंत तो टिकला. चौथ्या दिवशी दुपारी नेम मोडताना जो पहिला गुन्हेगार सापडला तो घरातला कर्ता पुरुष, म्हणजे आम्हीच होतो. क्रिकेटचा सामना अगदी ऐन रंगात आला होता, एवढेच आमच्या बचावाचे म्हणणे!

तेव्हापासून आम्ही दुसरा नेम धरला आहे. सांजआरती झाली की सर्वांनी मिळून एकाच पडद्यापुढे बसायचे, एकच अनुबोधपट पाहायचा आणि मग त्यावर चार शब्द बोलायचे. पडदा तोच, पण तो एकट्याचा न राहता घराचा झाला. या नेमात आम्हांला जे पट प्रिय झाले त्यांतले काही, आणि त्यांच्या वाटेवर सापडलेल्या काही गमती, आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. शेवटी एक प्रश्नही आहे. त्याचे उत्तर आमच्यापेक्षा आमच्या मातोश्रींनी चांगले दिले.

वाटाण्याच्या दाण्यापासून आरंभ

आपल्याकडे वास्तव टिपणाऱ्या पटांची परंपरा चित्रपटांहूनही जुनी आहे आणि तिचा मूळपुरुष मराठी आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ साली मुंबईत एक कुस्ती चित्रित केली. १९०१ साली केंब्रिजहून कीर्ती मिळवून परतलेल्या रँग्लर र. पु. परांजपे यांच्या स्वागताचे दृश्यही त्यांनीच टिपले. देशी माणसाने देशी घटना टिपण्याचा हा श्रीगणेशा होय.

परंतु घट बसलेल्या घराला जवळची वाटेल ती गोष्ट दादासाहेब फाळक्यांची. गिरगावात ख्रिस्तचरित्रावरचा एक पट पाहताना त्यांच्या डोळ्यांपुढे कृष्ण उभा राहिला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. १९१२ साली ते विलायतेला जाऊन कॅमेरा घेऊन आले. आता भांडवल हवे होते, आणि भांडवलदाराला पुरावा हवा होता. दादासाहेबांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि कॅमेरा एका जागी स्थिर ठेवून महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाची चित्रे थोड्या थोड्या अंतराने घेतली. ती सलग फिरवली तेव्हा दाण्यातून कोंब फुटून वेल वर चढताना अवघ्या मिनिटा-दीड मिनिटात दिसू लागला. त्या चिमुकल्या पटाचे नाव ‘अंकुराची वाढ’. आपल्या घटात नऊ दिवस जे घडते तेच पडद्यावर दाखवून भारतीय चित्रपटाला पहिले भांडवल मिळाले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी आज घटाकडे पुन्हा एकदा पाहावे.

या कथेत एक शक्तीही आहे आणि तिचे नाव सरस्वती. दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिने या खटाटोपासाठी दिले, साऱ्या मंडळींचा स्वयंपाक केला आणि रात्री जागून कच्च्या फिल्मला भोके पाडण्याचे कामही केले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला, त्यामागे हाही एक जागरच होता.

गमतीचा भाग असा की या पटात तारामती झाली ती कोणी स्त्री नव्हे. त्या काळी कॅमेऱ्यापुढे यायला स्त्रिया मिळेनात. अखेर एका उपाहारगृहात आचाऱ्याचे काम करणारे अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवले गेले. याच साळुंक्यांनी १९१७ च्या ‘लंकादहना’त कहर केला. त्या पटात राम तेच आणि सीताही तेच! अशोकवनातल्या सीतेचे दंड अंमळ पिळदार दिसतात, अशी कुजबुज प्रेक्षकांत झाली खरी, पण त्यापायी कोणाची भक्ती उणावली नाही. पडद्यावर राम येताच लोक हात जोडीत आणि सीता येताच डोळे पुशीत.

दादासाहेबांच्या १९१९ च्या ‘कालियामर्दना’त त्यांची छोटी कन्या मंदाकिनी कृष्ण झाली आहे. आरंभी ती मुलगी आपल्या खऱ्या रूपात समोर येते, हर्ष, राग, भय असे निरनिराळे भाव चेहऱ्यावर आणून दाखवते आणि मग पाहता पाहता कृष्ण होते. हा पट सुदैवाने शिल्लक आहे. एखाद्या रात्री मुलांना तो अवश्य दाखवावा. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या मुलीच्या डोळ्यांतला खोडकरपणा पाहून आमच्या घरची पाच वर्षांची नात उठून नाचू लागली होती.

डबे शोधीत हिंडणारा माणूस

फाळक्यांचे पट आपल्याला पाहायला मिळतात ते कोणाच्या कृपेने, याचे उत्तर ‘सेल्युलॉइड मॅन’ या २०१२ सालच्या अनुबोधपटात आहे. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी तो पी. के. नायर या सद्गृहस्थांवर केला. नायर मूळचे केरळचे. लहानपणी वाळूत बसून त्यांनी पौराणिक तमिळ पट पाहिले आणि त्या वेडाने पुढे त्यांना पुण्यात आणले. १९६४ साली स्थापन झालेले तेथील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय हे बव्हंशी त्यांच्याच हातचे काम. नाशिकला फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून, ठिकठिकाणच्या कोठारांतून, भंगाराच्या वाटेवरून त्यांनी पटांचे डबे गोळा केले.

या पटात मनाला चटका लावणारी गोष्ट ही की जुन्या फिल्ममध्ये चांदीचा अंश असतो, आणि ती चांदी काढून विकण्यासाठी आपल्याकडे कित्येक पट नष्ट केले गेले. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ चा; त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्याच्या पुढच्याच वर्षीचा प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मात्र वाचला. हरिश्चंद्राने सत्यासाठी राज्य सोडले. त्याच्या कथेने मूकपट आणि मराठी बोलपट या दोहोंचा आरंभ केला आणि काळाच्या तडाख्यातूनही ती तगून राहिली, याला योगायोग म्हणावे की आणखी काही, ते ज्याने त्याने ठरवावे.

नायर २०१६ साली वारले. देवघरातल्या जुन्या पोथ्या आपण मोडीत घालीत नाही, विसर्जनाचाही विधी करतो. त्या माणसाने फिल्मच्या डब्यांशी हाच भाव धरला होता. पट अडीच तासांहून मोठा आहे, म्हणून दोन रात्रींत वाटून पाहावा.

पांजाळचा यज्ञ

आमच्या आवडीच्या पटांत सर्वांत विलक्षण पट परदेशी माणसांनी केलेला आहे. १९७५ च्या एप्रिल महिन्यात केरळातल्या पांजाळ या गावी नंबूद्री ब्राह्मणांनी अग्निचयनाचा श्रौत विधी केला. बारा दिवस चाललेल्या या यज्ञासाठी पंख पसरलेल्या पक्ष्याच्या आकाराची, हजाराहून अधिक विटांची चिती रचली गेली. मूळचे हॉलंडचे आणि अमेरिकेत अध्यापन करणारे संस्कृतज्ञ फ्रिट्स स्टाल यांनी याचे चित्रण व्हावे म्हणून खटपट केली आणि रॉबर्ट गार्डनर यांच्या साहाय्याने १९७६ साली ‘ऑल्टर ऑफ फायर’ हा पाऊण तासाचा पट सिद्ध झाला.

वेदमंत्र आपण सर्वांनी ऐकलेले असतात. पण अरणी घासून अग्नी काढणे, एकेका विटेबरोबर मंत्र म्हणणे, पशूच्या जागी पिष्टाचा पशू अर्पण करणे आणि अखेरच्या दिवशी सारा यज्ञमंडप अग्नीच्या स्वाधीन करणे, हे सारे डोळ्यांनी पाहण्याचा योग कितीजणांना येतो? मंडप पेटतो तेव्हा आमच्या घरात कोणी बोलत नाही. इतक्या कष्टाने उभारलेले सर्व आपल्याच हातांनी अग्नीला देऊन निघून जायचे, हा त्यागाचा धडा सांगून समजत नाही, पाहून समजतो.

त्या वेळी जाणकारांना भीती होती की हा विधी पुन्हा होणे नाही. म्हणूनच त्याचे चित्रण करण्याची घाई. पण २०११ साली त्याच पांजाळात तो पुन्हा झाला आणि पाहायला फार मोठा समुदाय लोटला. ज्याचा मृत्युलेख म्हणून पट केला, ते जिवंत निघाले. अशी फसगत सर्व अभ्यासकांची होवो, अशीच कोणीही आस्तिक प्रार्थना करील.

जर्मन पंडित, वारी आणि आमच्या मातोश्री

जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठातले गुंथर सोन्थायमर हे नाव पुण्या-जेजुरीच्या जुन्या मंडळींना अनोळखी नसावे. खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा या दैवतांचा शोध घेत, धनगरांच्या ओव्या ऐकत हा माणूस महाराष्ट्रात रानोमाळ हिंडला आणि मराठी बोलू लागला. हेनिंग स्टेगम्युलर यांच्यासमवेत त्यांनी १९८९ साली ‘वारी’ हा अनुबोधपट केला. पंढरीची वाट, दिंड्या, पावसाळी माळ आणि चालणाऱ्या माणसांचे चेहरे त्यात आहेत. परक्या माणसाने टिपलेली वारी पाहताना प्रथम थोडा संकोच वाटतो; नंतर ध्यानात येते की आपण ज्याकडे सवयीने पाहतच नाही, तेच हा माणूस निरखून पाहतो आहे.

आमच्या मातोश्रींनी अनेक वर्षे पायी वारी केली. गुडघ्यांनी नकार दिला तेव्हा ती थांबली. एका नवरात्रात सर्वांबरोबर त्यांनी हा पट पाहिला. दिंडी दिसताच त्यांनी हात जोडले. त्या मध्येच टाळाच्या ठेक्यावर मान हलवीत होत्या. पट संपल्यावर नातवाने मोठ्या उमेदीने विचारले, “आजी, घरबसल्या वारी झाली की नाही?” मातोश्री थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “दर्शन झालं रे, वारी नाही झाली. माझ्या पायाला चिखल कुठे लागला?”

या उत्तराकडे आम्ही पुन्हा येणारच आहोत.

वारीबरोबर आणखी एक ठेवा पाहावा आणि ऐकावा. हेमा राईरकर आणि गी पोइतवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह केला. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. ‘पारी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या ओव्या आणि त्या म्हणणाऱ्या बायांची छोटी छोटी चलच्चित्रे २०१७ पासून क्रमाने प्रसिद्ध होत आली आहेत. जात्याची घरघर बंद पडली, पण ओवी म्हणणाऱ्या बाईचा आवाज राहिला. आपल्या घरात अशी ओवी म्हणणारी कोणी आजी, मावशी असेल तर तिचाही आवाज याच नवरात्रात टिपून ठेवावा, असे आमचे कळकळीचे सांगणे आहे. पुढच्या घटस्थापनेवर विसंबून राहू नये.

मुलांच्या रात्री

जुन्या वाचकांना आठवत असेल, पूर्वी चित्रपटगृहात मुख्य खेळाआधी फिल्म्स डिव्हिजनचा पट दाखवीत. १९४८ साली स्थापन झालेली ही संस्था २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. धरणे, कालवे आणि कुटुंबनियोजन यांवरचे तिचे गंभीर पट सुरू झाले की अर्धे प्रेक्षक शेंगदाणे आणायला बाहेर पडत. आम्हीही त्यांतलेच. पण शेंगदाण्यांच्या नादात आम्ही काय गमावले, ते फार पुढे कळले.

त्याच संस्थेचा १९५८ चा ‘राधा अँड कृष्ण’ हा जाँ भावनगरी यांचा पट घ्या. यात एकही नट नाही. कॅमेरा फिरतो तो केवळ पहाडी शैलीच्या लघुचित्रांवरून. यमुना, गाई, कदंब, मेघ आणि वाट पाहणारी राधा. चित्र स्थिर असते, पण पाहणाऱ्याला ते हलल्यासारखे वाटते. मुलांना चित्रकलेची गोडी लावायची असेल तर यासारखे साधन नाही.

दुसरा छोटा पट ‘एक अनेक और एकता’, १९७४ चा. जाळ्यात अडकलेले पक्षी एकजुटीने जाळ्यासकट उडतात आणि उंदीरमित्र ते जाळे कुरतडतात, ही त्यातली गोष्ट. एका पिढीला ती दूरदर्शनमुळे तोंडपाठ झाली. पट करणाऱ्या विजया मुळे मुंबईत जन्मलेल्या, आणि चित्रे भीमसेन यांची. उत्तम शैक्षणिक पटाचे राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळाले. पंचतंत्रातला चित्रग्रीव कपोत आणि हिरण्यक उंदीर ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ही जुनी ओळखीची माणसे, नव्हे प्राणी, नव्या वेषात भेटतील.

तिसरी गोष्ट जपानची आहे. युगो साको नावाचे जपानी गृहस्थ पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननावरील एका अनुबोधपटाच्या निमित्ताने १९८० च्या दशकात भारतात आले. आले होते जमिनीखालचे अवशेष टिपायला, आणि रामकथेने त्यांना असे पकडले की मायदेशी जाऊन ते रामायणाच्या अभ्यासात बुडाले. त्यांनी राम मोहन आदी भारतीय कलावंतांच्या साहाय्याने १९९३ साली संपूर्ण रामायणाचा हाताने काढलेल्या चित्रांचा चलच्चित्रपट पुरा केला. जानेवारी २०२५ मध्ये तो आपल्याकडे चित्रगृहांत पुन्हा लागला, तेव्हा लहानपणी तो पाहिलेले आईबाप आपल्या मुलांना घेऊन गेले. जपानी माणसाला राम आपला वाटावा यात नवल करण्यासारखे थोडेच आहे. आपली सरस्वती त्या देशात बेंझाइतेन या नावाने, हाती वीणेऐवजी तिकडचे ‘बिवा’ हे वाद्य घेऊन, शतकानुशतके पूजा घेत आहे.

काही गमती

आता वाटेवर सापडलेल्या गमती. पहिली ‘संत तुकाराम’ची. प्रभातचा हा १९३६ चा पट वर्षाहून अधिक काळ चालला आणि दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरवला गेला. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस पूर्वी संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. पुढे त्यांचीच छबी कित्येकांच्या मनात तुकोबांची छबी होऊन बसली. या पटातले बीज आणि वृक्ष यांच्या दृष्टान्ताचे गीत शांताराम आठवले यांनी लिहिले. ते इतके अभंगासारखे उतरले की मोठमोठी जाणती माणसे ते गाथ्यात शोधू लागली, असे सांगतात. आजही भजनी मंडळांत ते तुकोबांचे म्हणून म्हटले जाते. कवीला याहून मोठे पारितोषिक कोणते? स्वतःचे नाव पुसले जाऊन शब्द मात्र देवळात राहावे!

दुसरी, एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्या ‘मीरा’ची. १९४५ सालच्या या तमिळ पटाचे दिग्दर्शक होते एलिस डंगन नावाचे अमेरिकन. त्यांना तमिळ येत नव्हते. राजस्थानची मीरा, तामिळनाडूची गायिका आणि अमेरिकेचा दिग्दर्शक! कृष्णाला यांपैकी कोणाचीच भाषा परकी नसावी.

तिसरी बंगालची. सर्वपित्री अमावास्येच्या पहाटे, ज्याला तिकडे महालया म्हणतात, कलकत्ता आकाशवाणीवरून ‘महिषासुरमर्दिनी’ हा कार्यक्रम १९३० च्या दशकापासून लागत आला आहे. बीरेंद्रकृष्ण भद्र यांचे चंडीपठण ऐकल्यावाचून बंगाली घराची पूजा सुरू होत नाही. १९७६ साली अधिकाऱ्यांना नावीन्याची हौस आली. भद्रांच्या जागी त्यांनी बंगालचा सर्वांत लाडका नट उत्तमकुमार आणला. लोकांनी त्याच्या चित्रपटांना डोक्यावर घेतले होते, पण महालयेच्या पहाटे त्याचा आवाज त्यांना क्षणभरही चालेना. असा गहजब झाला की आकाशवाणीला मूळचा कार्यक्रमच पुन्हा आणावा लागला. लोक नवे घेतात, पण कोठे घ्यायचे आणि कोठे नाही, हे लोकच ठरवतात.

चौथी गंमत १९७५ ची. ‘शोले’ आणि ‘दीवार’ यांच्याच वर्षी ‘जय संतोषी माँ’ नावाचा साधासुधा पट आला. प्रेक्षक चित्रगृहाबाहेर पादत्राणे काढून आत जात, पडद्यावर फुले आणि नाणी उधळीत. ज्या देवीचे नाव अनेक घरांनी त्याआधी ऐकलेही नव्हते, तिचे शुक्रवारचे व्रत गावोगाव सुरू झाले. १९८७ च्या जानेवारीत रामानंद सागरांचे ‘रामायण’ दूरदर्शनवर लागले, तेव्हा तर रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. आमच्या वाडीत एकाच घरी संच होता. त्याला हार घातला जाई, उदबत्ती लागे. शेजारच्या एक आजी रामाच्या दृश्याला पदर सावरून बसत आणि रावण आला की संचाकडे चक्क पाठ फिरवीत. २०२० च्या टाळेबंदीत तीच मालिका पुन्हा लागली. या वेळी रस्ते ओस होते ते निराळ्या कारणाने. पण घरोघर तेच स्वर पुन्हा ऐकू आले आणि कित्येकांना धीर आला.

पाचवी गंमत मात्र आमच्याच व्यवसायाची आहे. नवरात्रात नऊ दिवस नऊ रंगांची वस्त्रे नेसण्याची प्रथा आता इतकी रूढ झाली आहे की तिचे मूळ पुराणात असावे असे अनेक भगिनींना वाटते. सुज्ञांनी पुराणे चाळण्याचे कष्ट घेऊ नयेत. तिचा सार्वत्रिक प्रसार या शतकाच्या आरंभी मराठी वृत्तपत्राच्या पानांवरून झाला आहे. कालौघात पुढे कोणी याला अनादि परंपरा म्हटले तर त्यात आम्हां वृत्तपत्रवाल्यांचाही थोडा दोष, किंवा थोडे पुण्य, धरावे!

चिखल कुठे लागला?

या गमती वाचून एखादा चिकित्सक विचारील : गीत कवीचे, व्रत चित्रपटाने पसरवलेले, रंग वृत्तपत्राचे, मग यात खरे काय? आणि एखादे भाविक मन दुखावेल : आमची श्रद्धा पडद्यावरची का?

दोघांनाही आमचे नम्र निवेदन आहे. देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या जुन्या तसबिरी पाहा. त्यांतल्या कित्येक राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातून निघालेल्या चित्रांवर बेतलेल्या आहेत, आणि लोणावळ्याजवळच्या त्या छापखान्यात तरुणपणी काम केलेल्यांत दादासाहेब फाळकेही होते. आपल्या आजीने त्या छापील कागदाला हळदकुंकू वाहिले म्हणून तिची भक्ती छापील झाली नाही. चित्र हे निमित्त. काय खरे, काय नवे, कोणी केले, हे मुलांना प्रांजळपणे सांगावे. सत्य सांगितल्याने श्रद्धा डळमळते ही समजूत हरिश्चंद्राच्या देशात तरी नसावी.

परंतु आमच्या मातोश्रींचा प्रश्नही विसरू नये. पडदा दर्शन देतो, चिखल देत नाही. तो यज्ञ दाखवतो, पण धूर डोळ्यांत जाऊ देत नाही. ओवी ऐकवतो, पण जाते ओढायला लावीत नाही. पट पाहून जर आपण उठलोच नाही, तर तो कितीही सात्त्विक असला तरी करमणूकच. आम्ही आता प्रत्येक पटाला एकच कसोटी लावतो. तो संपल्यावर घरातले कोणी देवघराकडे, शेजाऱ्याकडे, एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडे किंवा पोथीकडे वळले का? वळले, तर तो पट आमच्या यादीत राहिला. वारीचा पट पाहिल्यानंतरच्या आषाढात आमचा नातू दोन मुक्काम दिंडीबरोबर चालला. परत आला तेव्हा पायांना चिखल होता. मातोश्रींनी त्याचे पाय धुऊ दिले नाहीत. आधी त्या चिखलाला हात लावून तो हात त्यांनी कपाळाला लावला.

म्हणून शेवटी एक छोटे काम सुचवतो. आज घट बसला आहे. घरातल्या मुलाच्या हाती भ्रमणध्वनी असेलच. त्याला सांगावे की रोज सकाळी आरतीनंतर, एकाच जागेवरून, घटाचे एकच चित्र घे. त्या आधी अंघोळ कर, मातीला पाणी घाल आणि माळ तूच बांध. दसऱ्याच्या दिवशी ती चित्रे एकामागून एक फिरवून घरच्यांना दाखव. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दादासाहेबांनी वाटाण्याच्या कुंडीपुढे जे केले तेच आपल्या देवघरात घडेल. काळ्या मातीतून पोपटी कोंब क्षणात वर येताना सारे घर एका पडद्यापुढे बसून पाहील.

आणि मग पडदा बाजूला ठेवून, तेच अंकुर खुडून, आजीच्या हातून प्रत्येकाने कानावर खोवून घ्यावे. तेवढे मात्र कोणत्याच पटाला जमणार नाही.